मांडवात कोण वाजवणार?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं मांडवाच्या तयारीला सुरुवात होते आणि बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर 'लग्नकार्य' हे कारण दिसायला लागतं. यंदा आमच्या गटात पहिला अर्ज आला तो लेकीच्या लग्नासाठी. ताईनं खर्चाचा कागद लिहून आणला होता. किराणा, भांडी, मांडव, आचारी, आणि खालून दुसऱ्या ओळीत डीजे. तो आकडा ऐकून एक आजी म्हणाल्या, "एवढ्यात तीन शेळ्या येतात की गं." सगळ्या हसल्या. ताई मात्र हसली नाही. म्हणाली, "मलाबी नको डीजे. मागच्या साली शेजारच्या वरातीत आमची म्हैस दावं तोडून पळाली. सनई लावावी वाटती. पण सनईवाला आणू कुठून?"

तेव्हा कुणीतरी सहज बोलून गेलं. ते कुणाच्याही तोंडून निघालं असतं, आमच्याही. "कुठून म्हणजे? गटात हायेत की यांच्या घरचे. सासरे सनई वाजवतात, मालक हलगी. सांगून द्या, स्वस्तात होईल."

जिच्याबद्दल हे बोलणं चाललं ती मैत्रीण चौदा वर्षांपासून आमच्या गटात आहे. तिच्या हिशोबात कधी एक रुपया इकडचा तिकडं झालेला नाही. ती शांतपणे म्हणाली, "सासरे वाजवतील. पोरगा वाजवणार नाही. वाजवलं की जात कळते म्हणतो. आणि स्वस्तात काहून?"

त्यावर कुणाला काही सुचेना. कर्ज मंजूर झालं, वाजंत्रीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आमचं बीए इतिहास घेऊन झालं. त्यात लढाया होत्या, तह होते, पण आपल्या मांडवात काय वाजत होतं आणि ते कोण वाजवत होतं, याचा धडा नव्हता. मग त्या दिवसांत आम्ही जुन्या बायांना विचारलं, वाजवणाऱ्यांना विचारलं, वाचनालयात बसून थोडं वाचलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्या स्वतःच्या गळ्यापासून करू. वाजंत्रीवाला वेशीत यायच्या आधीच लग्न वाजायला लागायचं, आणि ते वाजवायच्या बाया. जात्याला हळदकुंकू लावून हळद दळायला घेतली की गाणं सुरू. घाणा भरताना गाणं, देवक आणताना गाणं, रुखवत उघडताना विहिणीला चिमटे काढणारं गाणं. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आता लग्नातली हळद पाकिटातून येते. जातं गेलं, आणि जात्यावर बसलेलं गाणं त्याच्याबरोबर गेलं. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंपासून ओवी आपल्या दारात आहे असं आपण अभिमानानं म्हणतो. पण घरात कुणाला किती ओव्या येतात ते विचारून बघा.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ही गोष्ट वेळेवर ओळखली. त्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. लिहून घेतल्या त्या तुमच्या-आमच्यासारख्या शेतात राबणाऱ्या बायांकडून, नावानिशी. त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. मोबाईल हातात असतोच, एकदा उघडून बघा.

बंजारा तांड्यावर तर एक वेगळीच रीत आहे. तिथं सासरी निघताना नवरी स्वतः गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून ती रडत रडत गाते, आणि लग्नाआधी मोठ्या बायांकडून ते शिकून घेते. आपल्या बाकीच्या लग्नांत नवरी अंतरपाटामागं मुकी उभी असते, गुरुजी बोलतात, मामा बोलतो, डीजेवाला तर सगळ्यांत जास्त बोलतो. महात्मा फुल्यांना हे खटकलं होतं. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात निघाला आणि त्याच साली २५ डिसेंबरला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, भटजीशिवाय. फुल्यांनी या लग्नांसाठी मंगलाष्टका स्वतः रचल्या. त्यांत नवरीला स्वतःचा वाटा आहे. ती नवरदेवाकडं बायकांच्या हक्काबद्दल मागणं मागते आणि तो सगळ्यांसमोर वचन देतो. दीडशे वर्षं झाली याला. आपल्या मुलींना हे ठाऊकसुद्धा नाही.

आता सनईकडं येऊ. सनई लाकडी, खालच्या टोकाला धातूची वाटी. वर तोंडात धरायची ती पत्ती. गटातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी आम्हाला दाखवलं: पत्ती आधी ओठांत धरून ओली करायची, ती कोरडी असेल तर आवाज फाटतो. गालात हवा धरून ठेवायची आणि नाकानं श्वास घेत राहायचा, म्हणजे सूर तुटत नाही. शेजारी दुसरा माणूस नुसता एकच सूर धरून बसतो. त्याला कुणी विचारत नाही, पण तो नसला तर सनई उघडी पडते. सोबत संबळ किंवा चौघडा. पुण्याच्या शनिवारवाड्यावर दिल्ली दरवाजाच्या वर नगारखाना आहे, तो याच वाद्यांसाठी. मोठ्या देवस्थानांतही असे नगारखाने असतात. राजाच्या आणि देवाच्या दारातलं वाद्य म्हणून ते मंगल ठरलं आणि लग्नाच्या दारात आलं. खेड्यातल्या लग्नात सनईसोबत हलगी असते. लाकडी किंवा लोखंडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आणि वाजवायच्या आधी पाचोळ्याच्या जाळावर शेकून ते टणक करायचं. लग्नानंतर देवीचा गोंधळ, त्यात पुन्हा संबळ आणि तुणतुणं. म्हणजे एका लग्नात किती जणांच्या हाताला काम होतं बघा.

काम होतं, पण त्याचा दाम होता का? इथं आम्ही अडखळलो.

वाद्य मंगल होतं, वाजवणारा मात्र मांडवाच्या बाहेर होता. देवळातला चौघडा पुष्कळ ठिकाणी गुरव वाजवायचे. गावच्या लग्नात, परण्यात, वरातीत वाजवायचं काम मातंग समाजाकडं आणि कितीतरी गावांत त्या काळच्या महार समाजाकडं असायचं. ते आवडीनं निवडलेलं काम नव्हतं. ती गावकीची चाकरी होती. त्याबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा, तोही देणाऱ्याच्या मर्जीवर. ज्या दिवशी मालकाच्या घरी लग्न त्या दिवशी यायचंच, स्वतःच्या घरी कुणी आजारी असो की स्वतःची रास खळ्यात पडलेली असो. नवरदेवापुढं मारुतीच्या पारापर्यंत वाजवत जायचं, मग मांडवाच्या बाहेर बसायचं, आणि पंगती उठल्यावर उरलेलं पदरात घेऊन घरी यायचं. अनेक गावांत याहून कठीण होतं. ज्यांच्या वाजवण्याशिवाय गावातलं लग्न लागत नव्हतं, त्यांच्याच नवरदेवाला वाजतगाजत वेशीतून जायला बंदी होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला. पण वेशीच्या आतलं राज्य त्या दिवशी बदललं नाही.

आपल्याच जिल्ह्यातली औंढ्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नर्सीचे नामदेव महाराज नागनाथापुढं कीर्तन करायला उभे राहिले, त्यांना देवळाच्या मागं जायला सांगितलं. ते मागं जाऊन गाऊ लागले तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, आणि नंदी मागं राहिला. ही कथा आपण लेकरांना कौतुकानं सांगतो. मांडवाबाहेर बसवलेल्या सनईवाल्याच्या बाजूनं ती कधी ऐकली नव्हती.

डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनं या चाकरीला पहिल्यांदा 'नाही' म्हणायला शिकवलं. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, कमीपणाची कामं सोडा असं सांगितलं. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर कितीतरी वस्त्यांनी गावासाठी वाजवणं बंद केलं. त्याबद्दल बहिष्कार सोसले, मजुरी तुटली. गाव म्हणायचं, यांना मस्ती आली. पण संगीत त्यांनी सोडलं नव्हतं, सोडली होती ती सक्ती. त्यांच्या लग्नांत भीमगीतांचे कार्यक्रम रंगायला लागले. वामनदादा कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले, हार्मोनियम, ढोलकी घेऊन गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. लग्नात माणसांनी बसून, समोरासमोर, अर्थ समजून ऐकायचं गाणं कुठं टिकलं असेल तर ते तिथं.

आता म्हणा, मैत्रिणीचा पोरगा जे बोलला ते उगीच बोलला का?

बँडची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिचा धागा आपल्या हिंगोलीशी जुळतो. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती, ती १९०३ पर्यंत. शहरात रिसाला बाजार, पलटण, तोफखाना ही नावं अजून आहेत ती त्याचीच. देशभर अशा इंग्रजी छावण्यांमधून पितळी वाद्यांचा बँड लोकांच्या कानावर पडला. आधी संस्थानिकांनी तसे बँड ठेवले, मग शहरातल्या लग्नांत ते आले, मग तालुक्यात. बँडवाल्यांचा तो लाल-निळा कोट, खांद्यावरच्या झालरी, सगळं पलटणीचं. आणि ही वाद्यं बनवणारं आपल्या देशातलं मोठं ठिकाण कुठं, तर मीरत, तेही छावणीचंच गाव. जी वाद्यं सैन्याच्या कवायतीसाठी आली, त्यांच्यावर आपण नवरदेवापुढं नाचलो!

बँडनं एक काम चांगलं केलं. बँडला सुपारी द्यावी लागते. आधी विसार, मग बाकी, किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार ते ठरलेलं. तिथं धान्याचा वाटा नाही, मर्जी नाही. मातंग, मुस्लिम आणि इतरही कितीतरी घरांतल्या मुलांनी क्लॅरिनेट आणि ट्रंपेट हातात घेतला तो यामुळंही असावा असं आम्हाला वाटतं. काम तेच, वाजवण्याचंच, पण अंगावर गणवेश आला आणि हातात पावती आली.

बेंजोबद्दल एक गंमत सांगतो. बेंजो पार्टीतलं ते टाइपरायटरसारख्या बटणांचं तारवाद्य आपण अगदी गावठी समजतो. ते मुळात १९१२ साली जपानमध्ये तयार झालं. तिथून इकडं आलं, त्याचं नाव बुलबुल तरंग पडलं, मग त्याला वीज जोडली आणि ते वरातीत शिरलं. म्हणजे वाद्य परकं की आपलं, जुनं की नवं, या वादात फारसा अर्थ नाही.

सनईचं पुढं काय झालं? ती मोठी झाली आणि त्याच वेळी मांडवातून निघूनही गेली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तिला मैफिलीत नेऊन बसवलं. १९४७ साली स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. १९५९ च्या 'गूँज उठी शहनाई' सिनेमातली सनईही त्यांचीच. मग कॅसेट आली. मंगलाष्टकांआधी बिस्मिल्ला खाँसाहेबांची कॅसेट लावली की काम भागायला लागलं. गावचा सनईवाला घरी बसला. एवढ्या मोठ्या माणसाची सनई दहा-वीस रुपयांत मिळत असताना गावच्या म्हाताऱ्याला कोण बोलावणार? त्यानंतर डीजे आला आणि कॅसेटवालाही घरी बसला.

डीजेच्या आवाजाबद्दल थोडं, कारण हे गटात विचारलं गेलं. कायदा आहे, २००० सालचा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायला मनाई. डेसिबलचा हिशोब आपल्या व्याजासारखा सरळ चढत नाही. १० नं आकडा वाढला की आवाजाची ताकद दहापट होते. ५५ चे ७५ झाले म्हणजे शंभरपट. आणि हो, रात्रीची बंदी वाद्यांनाही आहे, हलगी आपली म्हणून तिला सूट नाही.

पुढची बैठक झाली तेव्हा आम्ही हे सगळं वाचून दाखवलं नाही. एवढंच विचारलं, की डीजेचा आकडा ऐकून आपण हसलो, पण त्याला 'स्वस्तात कर' असं कुणी म्हणालं नाही. मग सनईला तसं का म्हणालो? थोडा वेळ गेला. मग ज्या बाई ते बोलल्या होत्या त्याच म्हणाल्या, "मशीनचं भाडं आपण देतो. माणसाचं वाजवणं आपल्याला फुकटच वाटतं. तो वाजवणारच, असं धरूनच चालतो." त्यांनी मैत्रिणीची माफी मागितली नाही, पण उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. आम्हाला ते पुरेसं वाटलं. मैत्रिणीला पुरेसं वाटलं की नाही, हे तिनं सांगितलं नाही.

मग तिथंच ठरलं. सनई एक, सूर धरणारा एक, संबळ एक, हलगी दोन. पाच माणसं, हळदीचा आणि लग्नाचा असे दोन दिवस. मैत्रीण म्हणाली, सोयाबीन काढायला जो रोज मिळतो त्याच्या दुपटीच्या खाली कुणी येणार नाही, आणि विसार आधी. जेवण पंगतीत, पहिल्या नाहीतर दुसऱ्या, पण पाहुण्यांच्या ओळीत. नोटा ओवाळून जमिनीवर टाकायच्या नाहीत, ज्याला द्यायच्या त्यानं हातात द्याव्यात. बसायची जागा मांडवाच्या आत. हे सगळं बेरीज करून झाल्यावर डीजेच्या निम्म्याहून थोडं जास्त निघालं. स्वस्त झालं नाही, पण ताईनं कागदावरची ओळ खोडून नवी लिहिली.

मुलाकडच्यांना हे पटवायला मात्र दोन फेऱ्या झाल्या. नवरदेवाच्या मित्रांना नाचायचं होतं. शेवटी वरातीला संध्याकाळी दोन तास बँड ठरला, तो त्यांच्या खर्चानं. आम्हाला त्यात वाईट काही दिसलं नाही, पोरांनी नाचावंच.

हळदीच्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. गाणी कुणाला येतात याचा शोध घेतला तर सगळ्यांत जास्त येतात त्या आमच्या गटातल्या एका विधवा काकूंना. आणि त्याच हळदीला येत नाहीत. वीस वर्षांपासून त्यांनी जात्याला हात लावलेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्यानंतर शासनानंही बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तो ठराव आम्ही बैठकीत वाचला होता, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण मांडवाबाहेर आम्ही स्वतः कुणाला बसवलं आहे, हे त्या दिवशी लक्षात आलं. ताई आणि नवरी दोघी त्यांच्या घरी बोलवायला गेल्या. काकू आल्या. आधी दारातच बसल्या होत्या, पण दुसऱ्या गाण्याला आत ओढून घेतलं. जातं एका घरी गोठ्यात पडलेलं सापडलं होतं, तेच धुऊन घेतलं. काकूंनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. एका थोरल्या चुलतीनं तोंड फिरवलं आणि ती लवकर निघून गेली. ते लपवून काय करायचं?

लग्नाच्या दिवशी सनईवाल्या बाबांना चौरंगाशेजारी खुर्ची टाकली होती. त्यांनी ती नको म्हणून सतरंजीवर बैठक घेतली, खुर्चीत बसून दम पुरत नाही म्हणाले. मंगलाष्टकांच्या वेळी लाइट गेली. डीजे असता तर गोंधळ उडाला असता, इथं कुणाला कळलंही नाही.

नातू वाजवायला आला नाही. आजोबांना गाडीवर सोडायला आला, जेवला, आणि शेवटपर्यंत थांबला. त्या लग्नातच दोन घरांनी आजोबांची चौकशी केली. आता सुपारी घ्यायचं काम नातवाकडं आहे, त्याच्या फोनवर. एकानं भाव पाडून मागितला तेव्हा त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं. अडचण दुसरीच आहे. सूर धरणाऱ्याचं वय झालंय आणि त्याच्या जागी बसायला माणूस मिळत नाही. मैत्रिणीची धाकटी लेक नववीत आहे, ती म्हणते मी बसते. आजोबा अजून हो म्हणाले नाहीत.

काकूंनी सांगितलेली अकरा गाणी आम्ही मोबाईलवर भरून घेतली आहेत आणि वहीत उतरवली आहेत. बारावं, नवरीला न्हाऊ घालतानाचं, त्यांना दोन ओळींपुढं आठवत नाही. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत भागात कुणाच्या आजीला, सासूला येत असेल तर गटाच्या बैठकीत म्हणून घ्या आणि रेडिओ केंद्रावर कळवा. लिहून पाठवलं तरी चालेल, पण चाल कळायला हवी, म्हणून म्हणूनच पाठवा.